जानेफळची खरखर

घरी येऊन सेट पाहणार नाही. इथे दुकानात आणून ठेवा, दोन दिवस लागोत की चार, नीट करून देतो. राग मानू नका, बऱ्याच जणांना येतो. पूर्वी मी जायचो. लोणार, डोणगाव, सुलतानपूर, कुठूनही बोलावलं की पिशवीत हत्यारं टाकायची आणि मेहकरातून गाडी काढायची. आता जात नाही. बसा, हा दिवा थोडा तुमच्याकडे सरकवतो. तुमच्या सेटचं झाकण निघेपर्यंत सांगतो, का जात नाही ते.

काम साधंच होतं. जानेफळच्या गजेंद्ररावांचा फोन आला. उन्हाळ्याचे दिवस, ऊन नुसतं भाजत होतं.

"गोकुळ, स्पीकरमधी खरखर येऊन राह्यली. येऊन पाह्य बरं एकडाव."

गजेंद्रराव पन्नाशीतले. संत्र्याचा बगीचा, सोयाबीन, विहिरींना बारमाही पाणी. गावात त्यांना मान होता, कारण ते कधी आवाज चढवून बोलत नसत. सालदाराला कामावरून काढलं तरी चहा पाजून काढायचे. शौक एकच, गाणं ऐकण्याचा. काचेच्या व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर, माणसाच्या उंचीचे स्पीकर, जुन्या रेकॉर्डी. घराच्या मागच्या बाजूला त्यांनी खास खोली बांधून घेतली होती. भिंतींना फोम, वर लाकडी पट्ट्या, जाडजूड दार. आतलं बाहेर आणि बाहेरचं आत ऐकू जाऊ नये म्हणून.

त्यांची बायको जयमाला मागच्या दिवाळीच्या सुमारास वारली होती. गच्चीच्या जिन्यावरून पडली आणि मानेखालचं सगळं गेलं. बोलणंही गेलं. एक उजवा हात तेवढा थोडा हलायचा. दीड-दोन वर्षं अंथरुणावर होती. मुलगी काजल पुण्याला नोकरीला. म्हणून जयमालाची आई जनकाबाई साखरखेर्ड्याहून येऊन राहिली होती लेकीचं करायला. लेक गेली, तरी म्हातारी परत गेली नव्हती.

मी पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. गावात चिटपाखरू नव्हतं. दार जनकाबाईंनीच उघडलं. वाळलेल्या, उभट चेहऱ्याच्या. त्यांनी माझ्या पिशवीकडे पाहिलं.

"आवाज काढाले आला काय रे बाप्पा?"

"हाव आजी. खरखर येते म्हणत होते दादा."

 त्या पाण्याचा तांब्या ठेवून आत गेल्या.

गाण्याच्या खोलीत पाऊल टाकलं की कानांना दडे बसल्यासारखं व्हायचं. थंडगार हवा, एकच मंद दिवा, आणि व्हॉल्व्हचे लालसर निखारे. गजेंद्ररावांनी मला खुर्चीत बसवलं, ताक मागवलं आणि सनईची एक रेकॉर्ड लावली. सूर असा आला की वाजवणाऱ्याचा श्वास दिसावा. मग तो सूर थांबला, नुसती शांतता उरली, आणि त्या शांततेत आधी खालून एक घुंऽऽ ऐकू आली. आणि तिच्यावर,

टर्र. टर्र… टर्र.

"आयकलं?" गजेंद्रराव म्हणाले. "नेमकं शांत जागी येते."

मी कामाला लागलो. घरातली वीज वरून शांत दिसते, पण तारांच्या आत आठवडी बाजार भरलेला असतो. स्वस्तातला एलईडी दिवा कुरकुरतो, पंख्याचा रेग्युलेटर तडतडतो, इन्व्हर्टर शिट्टी घालतो, वायफायचा डबा टिकटिकत राहतो. आपल्या कानाला कळत नाही, ॲम्प्लिफायरला कळतं. आणि जे त्याला कळतं ते तो मोठं करून आपल्याला ऐकवतो. म्हणून त्याच्या भोवतीचा एकेक बाजार उठवावा लागतो.

रेकॉर्ड प्लेयरची तार ट्रान्सफॉर्मरला चिकटून गेली होती, ती लांब नेली. आतल्या विजेच्या तारा वेणीसारख्या एकमेकींवर पिळल्या. पहिल्या व्हॉल्व्हच्या नाजूक भागावर तांब्याच्या पत्र्याचं झाकण बसवलं आणि ते अर्थिंगला जोडलं. खोलीतले दिवे बदलले, इन्व्हर्टर काढून लांब ओसरीत ठेवला. परसातला अर्थिंगचा खड्डा उन्हाने कोरडा ठणठणीत पडला होता. जनकाबाईंनी न सांगता दोन बादल्या पाणी आणलं, मी मीठ टाकून ओतलं. ओतताना त्या माझ्या हाताकडे पाहत होत्या.

"यानं बंद होते काय?"

"घुं जाईल आजी. दुसरं काय हाये ते पाहू."

"नाई झालं तर नको करू मंग," त्या हळूच म्हणाल्या.

घुं खरंच गेली. गजेंद्ररावांनी डोळे मिटून मान डोलावली. खोली अशी स्वच्छ झाली की सुई रेकॉर्डवर टेकल्याचाही आवाज मऊ वाटावा.

आणि मग ते आलं. आता भोवती काहीच घाण नव्हती, त्यामुळे पहिल्यापेक्षा कितीतरी साफ आलं. टर्र. थोडं थांबून, टर्र टर्र. मग एक लांबलचक, मध्येच थरथरणारं. दिव्याचा, पंख्याचा आवाज असा नसतो हो. यंत्राचा आवाज एकसारखा येतो. यात दमणं होतं. कोणाचं तरी बोट घसरतंय आणि पुन्हा जागेवर येतंय, तसं.

"दादा, हे कोणीतरी दाबून राह्यलं," मी म्हणालो.

"कोण दाबून राह्यलं? तेच शोधाले तर बोलावलं तुले," ते शांतपणे म्हणाले.

मी सगळ्या घराचा मेन स्विच पाडला, इन्व्हर्टरही बंद केला. सेट मेला, एसी मेला. आता पिशवीतून हाताने बनवलेलं एक यंत्र काढलं. तांब्याच्या तारेचं वेटोळं, त्याला एक बारीक डायोड आणि सेलवर चालणारा तळहाताएवढा स्पीकर. हवेतून जो उपद्रव येत असेल, त्याच्या दिशेला वेटोळं नेलं की ते कुरकुरतं. घरातली वीज बंद, म्हणजे त्याने गप्प राहायला हवं होतं.

टर्र, ते म्हणालं.

मी ते हातात धरून निघालो. ओसरीत बारीक झालं. स्वयंपाकघरात आणखी बारीक. परसात नाहीसंच झालं. परत फिरलो, बोळीतून आत आलो, तसा आवाज वाढत गेला. बोळीच्या टोकाला, गाण्याच्या खोलीला भिंत लागून, एक बंद दार होतं. त्याच्या उंबऱ्यावर जनकाबाई बसल्या होत्या. मी जवळ गेलो तशा त्या उठून बाजूला झाल्या. जणू वाटच पाहत होत्या.

आत लोखंडी खाट होती, गादी काढून टाकलेली. खिडकी बंद. इतके महिने झाले तरी खोलीत पावडरचा वास होता, अंगाला लावायची असते ती, आणि त्याच्याखाली जखमेच्या मलमाचा. माझ्या हातातलं वेटोळं आता ओरडत होतं. खाटेच्या दांडीला लुगड्याच्या चिंधीने एक पांढरं बटण बांधलेलं होतं. काड्यापेटीएवढं. आजाऱ्याच्या हाताशी ठेवतात ती बिनतारी बेल. इथे दाबलं की स्वयंपाकघरात घंटी वाजते.

मी चिंधी सोडली. बटण तळहातावर घेतलं आणि मागचं झाकण उघडलं.

सेल नव्हता. सेलाची जागा रिकामी, पत्र्याला थोडा गंज.

मी ते तसंच धरून उभा राहिलो. सेल नाही म्हणजे ही नुसती प्लास्टिकची डबी. तिच्यातून काही जाऊच शकत नाही. मी स्वतःला हे समजावत होतो आणि त्याच वेळी माझ्या अंगठ्याखाली ते बटण… आपणहून खाली गेलं. हळूच. कोणीतरी दुसऱ्या बाजूने दाबावं तसं.

टर्र.

"बंद नको करू बाप्पा," जनकाबाई मागून म्हणाल्या. "तेवढंच येते तिचं आता."

"आजी, हे… कधीपासून?"

"तेराव्यापासून. ती गेली त्या दिवशी माह्या बहिणीची मयत होती. मी सकाळीच साखरखेर्ड्याले गेली. सांजच्याले आली तं ही अशी. तोंड दाराकडं. अंगठा बटनावर, दाबेलच."

"मग बेल वाजली नाही?"

"कशी वाजन? सेल कोठी होता तिच्यात?"

 त्यांनी मागे वळून पाहिलं. दारात गजेंद्रराव उभे होते.

"सेल म्या काढला," ते म्हणाले. आज ऊन फार आहे म्हणावं, तसे म्हणाले. "दिवसभर दाबत राहे ती. पाणी पायजे, कूस बदलून पायजे, डास चावला. इकडं दाबलं की तिकडं स्पीकरमधी टर्र. एक रेकॉर्ड सुखानं पुरी होत नव्हती. त्या दुपारी घरात कोणी नव्हतं, म्हणलं आज तरी आयकू. तेवढ्यापुरता काढला."

मी त्या रिकाम्या डबीकडे आणि मग त्यांच्याकडे पाहिलं.

"काय पाहून राह्यला असा? डाक्टर म्हणतच होते, होत आलं म्हणून. एक माणूस आजारी पडला म्हणजे सगळ्या घरानं आजारी पडावं काय?"

जनकाबाई तिथेच होत्या. तिच्या आईसमोर बोलत होते ते हे सगळं. म्हातारीच्या तोंडावर काहीच हललं नाही. ही गोष्ट तिने आधीही ऐकली असावी, कदाचित याच शांत आवाजात, जेवताना.

गजेंद्ररावांनी माझ्या हातातून ती डबी घेतली, फरशीवर ठेवली आणि चपलेच्या टाचेने चिरडली. घाई न करता, झुरळ चिरडावं तशी. मग टाच बाजूला करून नीट पाहिलं आणि पुन्हा एकदा दिली.

"मामी, झाडून घ्या," ते सासूला म्हणाले.

जनकाबाई खाली बसल्या. एकेक तुकडा वेचून पदरात घेऊ लागल्या. आणि त्या वेचत असताना, भिंतीपलीकडच्या खोलीतून, मेन बंद असलेल्या त्या घरातल्या मोठ्या स्पीकरमधून आवाज आला.

टर्र… टर्र टर्र.

"माझ्याच्यानं हे होत नाही दादा," मी म्हणालो. पिशवी उचलली आणि निघालो. गाडी कशी चालवली ते आठवत नाही. मेहकर जवळ आल्यावर लक्षात आलं, माझं वेटोळं त्या खाटेवरच राहिलं.

काही आठवडे गेले. मग गजेंद्ररावांचा फोन. आवाजात समाधान होतं.

"झालं बंद. एकदम बंद. तुहं ते तारेचं पडलं हाये इथं, घेऊन जाय. अन् पाह्य येऊन."

जायचं नव्हतं. पण ते वेटोळं माझ्या गुरुजींच्या हातचं, दुसरं तसं होत नाही. शिवाय दिवसाउजेडी जायचं, दारातून घ्यायचं आणि यायचं, असं मनाशी ठरवून गेलो.

गजेंद्ररावांनी मला हाताला धरून आत नेलं. गाण्याची खोली उकलून पुन्हा मढवली होती. फोमच्या मागे तांब्याची बारीक जाळी, चारी भिंतींना, छताला, फरशीखालीसुद्धा. दाराला आतून पत्रा, आणि कडेने स्प्रिंगसारख्या पट्ट्या, दार लागलं की सगळीकडून घट्ट बसतील अशा. सगळी जाळी जाड तारेने अर्थिंगला जोडलेली. माणसाने आपल्यासाठी तांब्याचा डबा करून घेतला होता. काम पक्कं होतं. असं मढवलं की बाहेरची कुठलीही लहर आत शिरत नाही.

त्यांनी दार लावलं. मी मोबाइल पाहिला, टॉवर गेलेला.

"पाह्य," ते म्हणाले.

सेट चालू होता. स्पीकरमध्ये काहीही नव्हतं. घुं नाही, टर्र नाही. इतकी शांतता की माझं रक्त मला कानात ऐकू येत होतं.

"मेली आता ती," गजेंद्रराव म्हणाले आणि हसले.

मला तेव्हा वास आला. पावडरचा. आणि त्याच्याखाली मलमाचा. पलीकडच्या खोलीत होता तोच, पण तिथे तो शिळा होता. इथे ताजा होता.

"दादा… वास येते काय तुमाले?"

"कायचा?"

मी नाक दाबलं नाही, पण श्वास तोंडाने घ्यायला लागलो. एसी चालू असून हवा कोमट होती. ताप आलेल्या माणसाच्या उशाशी असते तशी.

"दादा," मी म्हणालो, "ही जाळी बाहेरचं बाहेर ठेवते. पण आतलंही आतच ठेवते. आत जे असंन त्याले बाहेर जाता येत नाही."

"आत काय हाये? मी अन् माह्या रेकॉर्डी," ते म्हणाले.

मी माझं वेटोळं घेतलं आणि बाहेर आलो. बोळीत, गाण्याच्या खोलीच्या दारासमोर जनकाबाई पाटावर बसल्या होत्या. पदराच्या गाठीत ते तुकडे बांधलेले, दोन बोटांनी चाचपत होत्या.

"आजी, पुण्याले जा काजलकडे. इथं काय हाये आता?"

"जाईन कशी? ती आत गेली न," त्या म्हणाल्या. "मी इथंच बसतो."

मृग लागायच्या आत गजेंद्रराव गेल्याची बातमी आली. छाती धरली, खोलीतच. मी भेटायला गेलो होतो, माणसं ओसरीत बसून हळू आवाजात बोलत होती. दाराला आतून कडी नव्हती, पण त्या पट्ट्यांमुळे ते जोर लावून ओढावं लागायचं, आणि पडलेल्या माणसात जोर कुठला. मोबाइल त्यांच्या हातातच होता. काजलने मला तो दाखवला, रडली नाही, नुसता दाखवला. डॉक्टरला लावलेले फोन. तिला लावलेले. आणि सगळ्यात जास्त वेळा "मामी". एकही लागलेला नव्हता. तांब्याच्या आतून कसा लागणार? जनकाबाईंचा फोन त्या वेळी त्यांच्या मांडीवर होता, दारापासून हातभर अंतरावर.

इथे संपलं असतं तर मी आजही लोकांच्या घरी गेलो असतो.

पोळ्याच्या आसपास जनकाबाईंचा फोन आला. काजल पुण्याला परत गेली होती, घर म्हातारीच्या हवाली होतं.

"गोकुळ, सेट बिघडला रे. येऊन पाह्य बाप्पा."

तिच्यासाठी म्हणून गेलो. एकटी बाई, कोणाला सांगेल, असं वाटलं. सकाळची वेळ होती. पाऊस उघडून लख्ख ऊन पडलं होतं, बोळीत चिमण्या होत्या. गाण्याच्या खोलीचं दार सताड उघडं, मध्ये दगड लावून ठेवलेला. जनकाबाई गजेंद्ररावांच्या खुर्चीत बसल्या होत्या. अंगावर नवं लुगडं. मांडीवर सुपात तुरीची डाळ, निवडत होत्या. मी त्यांना इतकं बरं दिसताना कधी पाहिलं नव्हतं.

सेट चालू होता. प्लेयरवर रेकॉर्ड नव्हती.

"चालवाले कोणी शिकवलं आजी?"

"पाहून पाहून आलं. बस. आयक."

मी स्पीकरजवळ वाकलो. खरखर होती, दाट, पावसासारखी. तिच्या तळाशी काहीतरी हलत होतं. आधी वाटलं, एखादं स्टेशन शिरलंय. कान लावला. माणसाचा आवाज होता. हळू, न चढवता बोलणारा. फक्त आता तो आवाज शांत नव्हता.

"…दार… कोणीतरी दार उघडा बरं… मामी… हातभर तं हाये दार…"

मी मागे झालो, तो स्टुलावर आपटलो.

जनकाबाई डाळीतला खडा वेचत होत्या.

"त्या दिवशी दार वाजत होतं," त्या म्हणाल्या. "हळूहळू. खालून, फरशीजवळून. मी बाहेर पाटावरच होती."

"मग आजी… तुम्ही…"

"मी म्हणलं, जावईबापू गाणं आयकून राह्यले. त्याइले मधात कोणी बोललेलं आवडत नाई." त्यांनी खडा बाजूला टाकला. "मंग थांबलं वाजाचं. मंग म्या भाकरी टाकल्या. मंग दार उघडलं."

स्पीकरमधून पुन्हा आलं, तेच, तसंच गयावया करत. मला उठून प्लग काढायचा होता, पण त्या म्हातारीच्या समोरून जायचं धैर्य होईना.

"दिवसभर येते," त्या म्हणाल्या. "रात्री बी येते. मले झोप लागते आता चांगली. पण मधात लय खरखर हाये रे. अर्धं समजते, अर्धं नाई. तू त्याले साफ करून देतो म्हणे आवाज. ते तांब्याचं झाकण, ते मीठ-पाणी, काय लागते ते कर. म्या परसात पाणी टाकून ठेवलं सकाळीच." त्यांनी प्रथमच माझ्याकडे सरळ पाहिलं. "मले नीट आयकू आलं पायजे. एक शबद सुटाले नको."

"आजी, माझ्याच्यानं…"

"तिच्या वक्ताले झालं होतं न तुह्याच्यानं? किती साफ केलं होतं तू."

मी पिशवी उचलली. उघडलीच नव्हती. दारातल्या दगडाला ओलांडून बोळीत आलो, चिमण्या उडाल्या. मागून त्यांनी हाक मारली, रागाने नाही. काही विसरलेलं आठवावं तशी.

"बरं, नको करू. दुसरा कोणी मिळन. पण तुले यातलं समजते, एक सांगून जाय."

मी वळलो नाही, पण थांबलो.

"जयमालाचं मले समजलं. याचं बी समजलं. पण मधामधात एक लहान लेकरू येते रे. चार-पाच वर्साचं असंन. आमच्या घरात तं असं कोणी गेलं नाई कधी. ते कोणाचं?"

"काय म्हणते ते?" मी का विचारलं, मला माहीत नाही.

सुपातली डाळ सरसर हलल्याचा आवाज आला.

"म्हणत काई नाई," जनकाबाई म्हणाल्या. "हा रडते, तव्हा ते हासते."